झोपमंत्राचा चौथा वार

मित्रांनो, मला उलटं धरून झटकलंत तर आजही माझ्यातून खाऱ्या शेंगदाण्यांची सालं पडतील. जरा जोरात झटकलंत तर एखादं बटणही तुमच्या हातात येईल. मी एक जुना कीबोर्ड आहे. हिंगोलीच्या बस स्टँडसमोरच्या एका दुकानाच्या माळ्यावर, झेरॉक्स कागदाच्या रिकाम्या खोक्यात सध्या माझा मुक्काम आहे. आयुष्यभर मी दुसऱ्यांचं बोलणं पुढे पोचवत आलो. आज थोडं माझं ऐका.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. पहिली आठवण आहे ती नरसी नामदेवच्या रस्त्यावरच्या एका छपाईच्या दुकानाची. तिथे माझ्यावर लग्नपत्रिका टाइप व्हायच्या, दशक्रियेची कार्डं व्हायची, पेढ्यांच्या खोक्यांवरची नावं व्हायची. मालक दोन बोटांनी टाइप करायचा, पण मायेनं करायचा. पुढे त्यानं नवा कॉम्प्युटर घेतला आणि मला जुन्या मॉनिटरसोबत हिंगोलीच्या पद्माबाईंना देऊन टाकलं.

पद्माबाईंची गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्यांच्या यजमानांचा बस स्टँडसमोर एसटीडी बूथ होता. यजमान वारले. मग घरोघर फोन आले आणि बूथ ओस पडला. पद्माबाई रडत बसल्या नाहीत. त्याच जागेत त्यांनी लाकडी पार्टिशन ठोकून चार-पाच कॉम्प्युटर मांडले आणि बाहेर 'पद्मा सायबर कॅफे' अशी पाटी लावली. कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरला मला जोडलं. समोर रस्ता, रस्त्यापलीकडे स्टँड. स्टँडवरचा भोंगा दिवसभर ऐकू यायचा. "हिंगोलीहून औंढा, जवळा बाजार मार्गे वसमतला जाणारी गाडी फलाटाला लागलेली आहे..." तो आवाज शेषरावांचा. ते आधी कंडक्टर होते आणि आता वाहतूक नियंत्रक झाले होते. खणखणीत, स्वच्छ आवाज. आंधळ्यालाही गाडी सापडावी असा.

या शेषरावांची दोन मुलं आमच्या कॅफेत यायची. थोरला धम्मानंद आणि त्याच्या पाठची ज्योती. कॉलेजचे फॉर्म भरायला म्हणून यायची आणि मग खेळात रमायची. त्या खेळाचं इंग्रजी नाव लांबलचक होतं. आमच्याकडे सगळे त्याला किल्ल्याचा गेम म्हणत. जगभरची माणसं आपापल्या गावी बसून त्यात एकाच वेळी शिरायची. कुणी योद्धा व्हायचं, कुणी वैदू, कुणी मांत्रिक. धम्मानंद मांत्रिक होता. त्यानं आपल्या मांत्रिकाला हिंगोलीच्या नदीचं नाव दिलं होतं, कयाधू. ज्योतीची वैदीण होती, तिचं नाव चांदणी. दोघं शेजारी बसून खेळायची. पद्माबाईंनीही दुपारच्या रिकाम्या वेळी बघता बघता एक योद्धा तयार केला आणि त्याच्या हातात भलीमोठी कुऱ्हाड दिली.

त्या गेममध्ये तलवारीचं भय फारसं नसायचं. खरं भय होतं बांधून टाकणाऱ्या मंत्रांचं. खिळ्याचा मंत्र लागला की पाय जमिनीला चिकटायचे. मुक्याचा मंत्र लागला की तोंडातून मंत्र फुटायचा नाही. आणि सगळ्यांत वाईट झोपेचा. तो लागला की तुमचा माणूस मान टाकून उभ्या उभ्या झोपायचा. इकडे तुम्ही बटणं कितीही बडवा, तिकडे बोटसुद्धा हलायचं नाही. माझ्यासारख्याच्या तर तो मनाला फार लागायचा. ज्योतीची बोटं माझ्यावर धावायची, मी प्रत्येक दाब इमानानं पुढे पाठवायचो आणि काही म्हणजे काही घडायचं नाही.

कयाधूचा झोपमंत्र नामांकित होता. "दादा, त्येला झोपव," असं ज्योती म्हणायची आणि समोरचा झोपलेला असायचा. म्हणून त्या काळात स्वतःला वाचवायची विद्या ती कधी शिकलीच नाही. दादा होता ना.

मग धम्मानंद शिकायला नांदेडला गेला. इंजिनिअरिंगला त्याचे विषय राहिले, पुन्हा राहिले, आणि तो घरी परत आला. शेषराव ओरडले नाहीत. हात उगारला नाही. त्यांनी फक्त बोलणं बंद केलं. स्टँडवर दिवसभर सगळ्या जिल्ह्याशी बोलणारा माणूस घरी मुलासमोर ओठ मिटून बसायचा. "कमल, त्येला सांग ताट वाढलंय," असं बायकोकडे बघून म्हणायचा. आणि ताट तर धम्मानंदच्या समोरच असायचं. ज्योतीनं हे सगळं पद्माबाईंना सांगितलं तेव्हा मी ऐकलं.

"काहून असं करून राहिलेत शेषराव?" पद्माबाईंनी विचारलं.

"अप्पांला वाटतंय बोलले तर तोंडातून वाईटच निघंल. म्हणून बोलतच न्हाईत."

धम्मानंद कॅफेत येऊन बसायचा, पण खेळायचा नाही. स्क्रीनकडे बघत राहायचा. त्याची बोटं माझ्यावर नुसती टेकलेली असायची, थंड, वजनदार. उन्हाळा लागला आणि एका सकाळी तो घरातून निघून गेला. फोन बंद. कुठल्या गाडीनं गेला, तेही कळलं नाही. हिंगोलीची प्रत्येक गाडी ज्यांच्या तोंडून सुटते, त्या शेषरावांनाही नाही.

पावसाळा आला आणि सरत आला. एके दिवशी सिद्धेश्वरच्या धरणात एका तरुण मुलाचं प्रेत सापडलं. ओळख पटवायला शेषरावांना बोलावणं आलं. ते गेले. तो धम्मानंद नव्हता. शेषराव तिथून घरी गेले नाहीत. थेट स्टँडवर आले आणि माइक हातात घेतला. भोंगा नेहमीसारखा सुरू झाला, "हिंगोलीहून औंढा..." आणि पुढे काहीच आलं नाही. बराच वेळ नुसती खरखर ऐकू येत राहिली. रस्त्यावरची माणसं वर बघायला लागली. मग दुसऱ्याच कुणीतरी उरलेली गावं सांगितली.

दुसऱ्या दिवशी ज्योती कॅफेत आली. डोळे सुजलेले होते. कशात तरी मन घालावं म्हणून तिनं कित्येक महिन्यांनी गेम उघडला. मित्रांच्या यादीत खेळात नसलेल्याचं नाव राखाडी दिसायचं आणि खेळात असलेल्याचं हिरवं. त्या दिवशी कयाधूचं नाव हिरवं होतं.

मग तिनं टाइप केलं, "दादा?"

उत्तर आलं नाही. पाठोपाठ एक ओळ आली: या खेळाडूनं तुमचे निरोप बंद केले आहेत. ज्योतीनं नवं नाव घेऊन नवा खेळाडू बनवला आणि पुन्हा निरोप धाडला. थोड्या वेळात तेही नाव बंद झालं.

"ज्योती," पद्माबाई मागून हळूच म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नको, पर त्येनं आयडी कुनाला देऊन टाकला असंल तर? त्यो दुसराच कुनी असंल तर?"

ज्योतीला तेच भय होतं. कयाधू चालत होता, पण कयाधूला चालवणारं कोण, ते कळायला मार्ग नव्हता. दादा जिवंत आहे असं आईला सांगावं, तर ते खोटं ठरू शकत होतं. म्हणून तिनं घरी काहीच सांगितलं नाही. हे गुपित आम्हा तिघांतच राहिलं, म्हणजे ती, पद्माबाई आणि मी.

कयाधू रोज दुपारी डोंगरावरच्या एका पडक्या किल्ल्यात असायचा. एकटा. ज्योतीनं चांदणीला घेऊन तो किल्ला गाठला. लिहिलेले निरोप बंद असले तरी समोर उभं राहून केलेले हातवारे दिसतात, एवढाच आधार होता. चांदणी तुटक्या कमानीतून आत गेली. कयाधू चौकात उभा होता. त्यानं वळून पाहिलं आणि हात वर केला. चांदणीची मान खाली पडली.

ज्योतीनं माझी सगळी बटणं बडवली. झोप उतरली तेव्हा चौक रिकामा होता.

रोज हेच व्हायला लागलं. ती जायची, तो झोपवायचा आणि किल्ल्यात दुसरीकडे निघून जायचा. तिला मारायचा नाही, लुटायचा नाही. फक्त झोपवायचा आणि जायचा. ज्योती घरी जाताना रडायची नाही. दात आवळून जायची.

"असं न्हाई जमायचं," पद्माबाई एक दिवस म्हणाल्या. "झोपमंत्र तोडायचा कसा, ते आधी शिकू."

मग दोघींची शाळा सुरू झाली. गिऱ्हाईक नसलं की पद्माबाई शेजारच्या कॉम्प्युटरवर बसायच्या. गेममध्ये ओळखीचा कुणी मांत्रिक भेटला की ज्योती त्याला म्हणायची, मला झोपव. पुन्हा झोपव. हळूहळू एकेक गोष्ट उमगत गेली. मंत्र म्हणायला क्षणभर लागतो आणि तेवढ्यात खांबाआड गेलं तर तो वाया जातो. पण कयाधूपुढे याचा उपयोग नव्हता. चांदणी लपली की तो सरळ निघून जायचा. एक ताईत मिळायचा. तो कुठलाही मंत्र तोडायचा, पण एकदाच. मग कितीतरी वेळ निकामी. नवखा खेळाडू घाबरून तो पहिल्याच मंत्राला वापरतो आणि दुसऱ्याला सापडतो. ज्योतीचंही आधी तसंच व्हायचं. पद्माबाई तिच्या हातावर चापट मारायच्या. "थांब. पयल्याला देऊ नको. पयला झेल."

आणि सर्वांत महत्त्वाचं असं की तोच मंत्र त्याच माणसावर लागोपाठ टाकला तर त्याचा जोर कमी होत जातो. दुसऱ्यांदा निम्मी झोप, तिसऱ्यांदा त्याच्याही निम्मी, आणि चौथा वार लागतच नाही. अट एकच. मधे फार वेळ जाता कामा नये. वेळ गेला की मंत्राला पुन्हा पहिली धार येते.

"पर त्यो एकदाच टाकतो अन् जातो," ज्योती म्हणाली. "मी उठेस्तोवर कुठल्या कुठं जातो. लागोपाठ टाकंल कसा?"

पद्माबाई म्हणाल्या, "झोपलेल्याला फटका बसला की झोप उडती ना?"

"व्हय."

"अन् त्या किल्ल्यात आपल्याचा फटकाबी आपल्याला लागतो."

ज्योतीनं खुर्ची त्यांच्याकडे वळवली.

"मीच मारते तुला," पद्माबाई म्हणाल्या. "हळू मारते. उठ, अन् त्येच्या समोरच उभी राहा."

"काकू, मग तुमी त्येलाच धरून ठेवा ना. तुमच्या योद्ध्यापाशी बांधायचा दोर हाय."

"न्हाई. बांधलं तर त्यो गेम बंद करून पळंल. पळालेल्याला बांधून आनता येत न्हाई, पोरी."

बेत ठरला. पण मित्रांनो, या बेतात एक कच्चा दुवा होता, आणि तो म्हणजे मी. कुणीतरी माझ्यावर चहा सांडला होता आणि सहाचं बटण अडायला लागलं होतं. कधी उठायचं, कधी दाबलेलंच राहायचं. नेमका ताईत ज्योतीच्या सवयीनं सहावर होता. त्या दिवशी ती लवकर आली. स्पिरिटमध्ये कापूस बुडवून तिनं माझी बटणं एकेक करून पुसली. सहाचं बटण काढून त्याखालचा चिकट थर नखानं खरवडला. इतक्या वर्षांत माझी कुणी एवढी निगा राखली नव्हती. मी मनाशी म्हटलं, आज मी अडायचो नाही.

त्या काळी हिंगोलीत लोडशेडिंग असायचं. दुपारची लाईट जायची वेळ जवळ येत चालली होती, आणि इन्व्हर्टरवर कोपऱ्यातला माझा कॉम्प्युटर आणि पद्माबाईंचा, एवढेच काय ते थोडा वेळ चालायचे. पण कयाधू त्याच वेळी यायचा. इलाज नव्हता.

चांदणी कमानीतून आत गेली. मागे कुऱ्हाडवाला योद्धा. कयाधू चौकात होता.

पहिला मंत्र आला. चांदणीची मान पडली.

"मारू का?"

"मारा, काकू."

कुऱ्हाडीचा दांडा बसला. चांदणी जागी झाली. कयाधू पाठ फिरवून निघाला होता; ती धावत त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. तो थबकला. दुसरा मंत्र. पुन्हा दांडा. चांदणीच्या अंगातलं रक्त कमी होत चाललं होतं. मंत्रानं नव्हे, फटक्यांनी. ज्योतीच्या बोटांना घाम सुटला होता आणि तो माझ्या बटणांवर उतरत होता.

तिसरा मंत्र लागला, तसा लगेच उतरलाही. त्या वेळी फटक्याची गरज पडली नाही.

चौथ्यांदा कयाधूनं हात वर केला. मंत्र पूर्ण झाला. प्रकाशाचा लोळ चांदणीवर येऊन आदळला आणि विरून गेला. ती तशीच उभी होती, मान वर करून.

कयाधूही उभा राहिला.

आता खरं काम होतं. त्या गेममध्ये अंधाऱ्या तळघरात वाट कळावी म्हणून जमिनीवर दिवे ठेवता यायचे. ज्योती चौकाच्या फरशीवर दिवे ठेवायला लागली. एक, त्याच्या खाली एक, मग बाजूला वळवून एक. कयाधूनं तिला मुकं केलं. दिवे ठेवायला मंत्र लागत नव्हता. ती ठेवत राहिली. तेवढ्यात पंखा थांबला. लाईट गेली होती. इन्व्हर्टरनं भार धरला, स्क्रीन क्षणभर थरथरला आणि टिकला.

"चल लवकर," पद्माबाई पुटपुटल्या.

एक अक्षर पुरं झालं. दुसरं सुरू केलं आणि कयाधूनं खिळ्याचा मंत्र टाकला. चांदणीचे पाय फरशीला चिकटले. उरलेलं अक्षर तिच्या हातापलीकडे होतं. ज्योतीनं सहा दाबलं.

मी अडलो नाही.

ताईत फुटला, पाय सुटले, आणि तिनं उरलेले दिवे घाईघाईनं मांडले. मग चांदणी बाजूला सरकून खाली बसली. फरशीवर वाकडीतिकडी, पण वाचता येण्याजोगी दोन अक्षरं पेटली होती: बोल.

कयाधू हलला नाही. ज्योतीची बोटं माझ्यावरून उचलली गेली होती. ती तिनं तोंडावर धरली होती. इन्व्हर्टर मधूनमधून टीं टीं करायला लागला. तो जर कुणी परका असता, कुठल्या दूर देशातला, तर त्याला ही अक्षरं म्हणजे नुसती रांगोळी वाटली असती. तो निघून गेला असता.

कयाधू दिव्यांभोवती एक फेरी मारून आला. मग स्क्रीनच्या कोपऱ्यात, इतके दिवस बंद असलेल्या जागी, इंग्रजी अक्षरांत एक ओळ उमटली.

"अप्पा बोलतेत का?"

ज्योतीच्या तोंडून हुंदका फुटला. तिनं माझ्यावर कसंबसं टाइप केलं, "थांब. हलू नको." आणि चप्पल न घालताच ती रस्ता ओलांडून स्टँडकडे पळाली.

शेषराव आले ते धावत नव्हे, पण रस्त्यावरची रिक्षा त्यांना दिसली नाही एवढं मला रिक्षावाल्याच्या ओरडण्यावरून कळलं. त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्यांना वाटलं होतं, पुन्हा धरणावरून बोलावणं आलं.

"कुठं हाय?"

"बसा, अप्पा. हितं. दादा हाय पलीकडं, तुमी लिहिलेलं त्येला दिसतंय."

"मी सांगतो, तू लिही," शेषराव म्हणाले.

"न्हाई," पद्माबाई मधेच म्हणाल्या. "आजवर दुसऱ्याच्या तोंडानंच बोलला तुमी. आता स्वतः लिहा."

शेषराव बसले. त्यांचं बोट माझ्यावर फिरायला लागलं. किती वर्षं तिकिटं पंच केलेलं, टोकाला घट्टे पडलेलं बोट. बसच्या पाट्यांवरची इंग्रजी अक्षरं त्यांना येत होती, पण माझ्यावर ती सगळी विस्कटलेली. डी शोधायला त्यांना वेळ लागला. एच, ए, एम. 'धम्मा' एवढं लिहून झालं आणि बोट थांबलं. 

"शेषराव, इन्व्हर्टर संपत आलाय," पद्माबाई म्हणाल्या. "काय बी लिहा."

"काय लिहू?"

"घरी बोलला असता ते."

बोट पुन्हा हललं. "कुठं हाईस?"

ज्योतीनं एंटर दाबलं. उत्तर लगेच आलं. "सिकंदराबाद. स्टेशनच्या मागं. कॅफेत कामाला."

शेषरावांनी ती ओळ ओठ हलवत वाचली. पुन्हा वाचली. टीं टीं आता थांबत नव्हती. ते वाकले आणि एकेक अक्षर शोधत लिहायला लागले, "मी येतो." ज्योतीनं त्यांचं बोट धरून एंटरवर नेलं. एंटर दाबलं गेलं, आणि त्याच क्षणी स्क्रीन काळा झाला.

कॅफेत अंधार पडला. रस्त्यावरच्या गाड्यांचा आवाज आत येत राहिला.

"गेलं का?" शेषरावांनी विचारलं.

पद्माबाई म्हणाल्या, "सांगता येत न्हाई."

मला माहीत होतं की एंटर दाबलं गेलं. माझ्याकडून ते पुढे गेलं होतं, पण पुढे कुठवर गेलं हे मलाही सांगता आलं नसतं.

शेषराव त्या काळ्या काचेसमोरून उठले. "मंग तोंडानंच सांगतो," म्हणाले, आणि तसेच स्टँडवर गेले. त्या दिवशी नांदेडच्या गाडीची घोषणा दुसऱ्याच आवाजात झाली. शेषराव त्या गाडीत चढले होते.

लाईट आली तेव्हा ज्योतीनं घाईनं गेम उघडला. किल्ल्यातले दिवे विझले होते. कयाधूचं नाव राखाडी होतं.

पुढचे दिवस फार वाईट गेले. शेषरावांचा फोन नाही. कयाधूचं नाव हिरवं होत नाही. ज्योतीनं आता आईला सगळं सांगितलं होतं, आणि कमलबाई येऊन माझ्या शेजारी स्टुलावर बसून राहायच्या. एकदा म्हणाल्या, "मला दाव बरं, त्यो कुठं उभा व्हता." ज्योतीनं चौक दाखवला. कमलबाईंनी काचेवरच्या त्या जागेवर हात ठेवला. "अन् तुला येवढ्या येळा झोपवलं, तरी तू तिथंच?"

"मग कुठं जाऊ, आई?"

फोन कॅफेतच आला. पद्माबाईंनी उचलला, ऐकला आणि कमलबाईंच्या कानाला लावला. पलीकडून तोच खणखणीत आवाज इतका मोठ्यानं आला की मलाही ऐकू आला. "कमल, सापडला. हितंच हाय, माझ्यापाशी."

सगळं नंतर कळलं. तो शेवटचा निरोप पोचलाच नव्हता. धम्मानंदच्या स्क्रीनवर फक्त 'धम्मा, कुठं हाईस' एवढंच आलं होतं. त्यानं पत्ता सांगितला, वाट पाहिली, पुढे काहीच आलं नाही. त्याला वाटलं, अप्पांनी ऐकून घेतलं आणि उठून गेले. पुन्हा गप्प झाले. त्यानं गेम बंद केला. पुन्हा कधी उघडायचा नाही असंच ठरवलं होतं. तिसऱ्या दिवशी, स्टेशनामागच्या गल्लीतले सगळे कॅफे पालथे घालून, शेषराव त्याच्या दारात उभे राहिले.

धम्मानंद तेव्हा लगेच परतला नाही. घेतलेलं काम पुरं करून, दिवाळीनंतर आला. आल्यावर आमच्याकडे आला, आणि पद्माबाईंनी त्याला विचारलं, "काय म्हनले रं शेषराव तिथं?"

तो हसला. "काकू, थांबंचनात. दारातूनच सुरू झाले. नांदेडपर्यंत जागा भेटली न्हाई, तिथून रेल्वेत उभ्यानं आलो, तुझी आई जेवत न्हाई, धरणावर गेलो व्हतो... भोंग्यावर गाड्या सांगितल्यागत. कॅफेतली लोकं बघून राहिली व्हती." मग हसणं थांबवून तो म्हणाला, "ज्योतीनं मला ओळखलं कसं, ते मला आजवर कळलं न्हाई."

"ओळखलं न्हाई," ज्योती म्हणाली. "तूच हाईस का, ते इचारायला येत व्हते."

पुढे धम्मानंदनं वसमतला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान टाकलं. ज्योतीचं शिक्षण झालं, ती नोकरीला लागली. लोकांच्या घरी इंटरनेट आलं, कॅफेतल्या खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या. पद्माबाईंनी झेरॉक्सचं मशीन घेतलं आणि मला माळ्यावर ठेवलं. फेकलं नाही, हे त्यांचे उपकार. माझी बरीच अक्षरं आता पुसली गेली आहेत, तारही उंदरांनी कुरतडली आहे. मला त्याचं दुःख नाही. मी माझं काम केलं.

पण जाता जाता एक सांगणं आहे, मित्रांनो. तुमच्या घरातली एखादी वस्तू अडली, तर तिच्यावर मुठी आपटू नका. जरा उघडा, पुसा, तिच्यात काय अडकलंय ते बघा. आणि तुमच्या माणसाला काही सांगायचं असेल तर मी आहे, माझ्यासारखे कितीतरी आहेत. आमच्यावर खुशाल टाइप करा. फक्त एंटर दाबलं म्हणजे ते पोचलं, असं धरून घरी बसून राहू नका.